आत्या पॉइंट

माझ्या बायकोच्या आत्याइतकी शांततेची भुकेली आणि शांततेला इतकी घातक बाई मी दुसरी पाहिलेली नाही. जन्म ठाकूरद्वारच्या वाडीतला, लग्न केलं नाही, आणि उभी हयात कोर्टातल्या कारकुनीत गेली. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तिच्यासमोर आधी दाखल व्हावी लागे. गॅलरीत चार बायका बोलत असल्या की ही हात वर करून म्हणायची, "एका वेळी एकीनेच." आणि त्या चौघी खरोखरच रांगेने बोलायच्या. आमच्या लग्नात दोन भटजींचा मंगलाष्टकांवरून वाद झाला, तेव्हा आत्याने दोघांना खुर्च्या देऊन दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. निकाल उत्तम लागला, पण तोवर मुहूर्त टळून गेला होता. तशाच मुहूर्ताबाहेर आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या. पुढे आमचं भांडण झालं की बायको अजूनही आत्याला दोष देते.

वाडी पाडून तिथे टॉवर उभा राहायचं ठरलं तेव्हा बिल्डरने सगळ्यांना तात्पुरतं भाडं देऊ केलं. बाकीचे भाडेकरू डोंबिवली-विरारला गेले. आत्या म्हणाली, "भाडं तेच, मग मी समुद्राकाठी राहीन. फार आवाज सोसला." आणि कोकणातल्या एका छोट्या पर्यटनाच्या गावात कौलारू घर भाड्याने घेऊन राहायलाही गेली. गावाचं नाव मी सांगत नाही, गावाने आधीच पुष्कळ सोसलंय. तिथल्या शांततेने तिला आठवडाभरात इतकं अस्वस्थ केलं की तिने ब्लॉग सुरू केला. नाव, 'समुद्रकाठची कैफियत'. भाषा अर्थातच कोर्टाची. 'आज सूर्यास्त ठरल्या वेळी झाला. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे कारण समजू शकले नाही.' रोज चारच्या चहाला माझा फोन वाजायचा. "जावईबापू, वाचलंत?" हो म्हटलं की लगेच, "शेवटच्या परिच्छेदात काय म्हटलंय मी?" मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ब्लॉग पाठ करू लागलो. साहेबांना वाटलं, मी खात्याच्या परीक्षेला बसतोय.

मग उंट आला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा सुलतान नावाचा उंट आत्याच्या घरासमोरच्या सुरूच्या सावलीत उभा राहू लागला आणि कुंपणावरून मान घालून तिची जास्वंद खाऊ लागला. ब्लॉगवर 'उंट प्रकरण' सुरू झालं. 'आरोपीने सकाळी फिर्यादीच्या आवारातील सर्व कळ्या भक्षण केल्या. समज दिली असता आरोपी रवंथ करीत राहिला. पश्चात्ताप दिसून आला नाही.' उंटाचा मालक तिथलाच, सालस माणूस. त्याला आत्याने ओसरीवर बोलावून जबाब घेतला. तो म्हणाला, "आत्यानू, तेका तुमची सवय झाली हा. मी काय करू?" आत्याने हे शब्दशः छापलं आणि प्रकरण तहकूब केलं. पुढच्या तारखेला उंट हजर राहिला, मालक गैरहजर. हेही छापलं.

लोकांना हे प्रचंड आवडलं. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची वाट बघताना माणसं उंटाची चौकशी करू लागली. आणि मग सुट्ट्या लागल्या तसे लोक तिकडे जायला लागले. आधी कुंपणाशी उभे राहून उंटाचे फोटो काढायचे, मग आत्याचे, मग दोघांचे एकत्र. तिथल्या रिक्षावाल्यांनी देऊळ, दीपगृह, सनसेट पॉइंट या यादीत 'आत्या पॉइंट' घातला. एका सकाळी आत्या दात घासत ओसरीवर आली तर समोर अख्खी मिनीबस उभी. मागून कुणीतरी विचारलं, "उंटाला ओरडायची वेळ काय?"

त्याच आठवड्यात आत्या बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "लेखन बंद, गाव बंद. टॉवर होईपर्यंत इथेच राहते," म्हणाली.

आमच्याकडे तिची कसलीच गैरसोय नव्हती. बायकोने आतली खोली रिकामी करून दिली, मी तिच्यासाठी मुद्दाम लवकर घरी येऊ लागलो. पण आत्या खिडकीत बसायची आणि खालची गर्दी बघायची. घरी पाहुणे आले आणि एका वेळी चौघं बोलली तरी तिने हात वर केला नाही. एकदा मी विचारलं, "आत्या, इथलं काही लिहा ना." ती म्हणाली, "कुणावर? इथे कुणी थांबतच नाही." एक दिवस चांगली इस्त्रीची साडी नेसून जुन्या कोर्टात जाऊन आली. संध्याकाळी साडीची घडी घालून ठेवली. मग बायकोला म्हणाली, "दारावरचा शिपाई मला म्हणाला, मावशी, तुमची तारीख कधीची आहे?" बायकोने तिचा हात धरला. आत्याने तो थोडा वेळ धरू दिला.

दोन-चार दिवसांनी उंटाच्या मालकाचा फोन आला. आत्याने स्पीकर लावला, कारण तिच्या मते साक्ष सगळ्यांनी ऐकायची असते. तो कावून गेला होता. "आत्यानू, सुलतान तुमच्या फाटकाकडसून हलणा नाय. पाठीवर कोणाक बसाक देणा नाय. गिऱ्हाईक परत जातंत. तुम्ही एकदा येऊन ओरडान जावा."

"त्याला मी काय सांगणार? माझं ऐकतो का तो?"

"ऐकणा नाय, पण तेका बरा वाटता."

आत्याने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि आतल्या खोलीत गेली. आम्हाला वाटलं पडली असेल. थोड्या वेळाने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. फाटकाशी गर्दी होती, म्हणून मी बाजूने आत शिरायला लागलो, तर ओसरीवरून आवाज आला, "जावईबापू, रांगेने." आम्ही नाशिकच्या एका कुटुंबामागे उभे राहिलो. आत्या खुर्चीत बसून त्या कुटुंबातल्या सासूसुनेचं प्रकरण ऐकत होती. आता लोक घरची भांडणंही घेऊन येतात म्हणे, दर्शन झालं की निकाल. सुलतानची मान कुंपणाच्या आत होती. त्याच्यासाठी आत्याने जास्वंदीची एक वेगळी ओळ लावली होती, आणि तो त्या ओळीकडे ढुंकूनही न बघता आत्याच्या पूजेची जास्वंद खात होता.

आमची पाळी आली तेव्हा आत्याने बायकोच्या गालावरून हात फिरवला, आम्हाला सोलकढी दिली, जेवायला वाढलं. मधेच दोनदा उठून फाटकाशी जाऊन आली. ब्लॉगबद्दल विचारलं तर म्हणाली, "वेळ कुठे मिळतो?" चारचे फोन कधीपासून थांबलेत, ते तिच्या लक्षातही नव्हतं. निघताना तिने कोकमं बांधून दिली आणि आम्ही चपला घालतोय तोवर पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बस सुटून बरंच अंतर गेल्यावर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "या खेपेला राहा म्हणाली नाही."

"गडबडीत होती गं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "बरी दिसली पण."

तिने कोकमांची पुडी मांडीवर घेतली आणि मुंबई येईपर्यंत ती खाली ठेवली नाही.