साहेबाच्या कुत्र्याची तहान

माझे यजमान शिरपूरला जंगलखात्यात कारकून होते. त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा आपला कुत्रा आमच्या दारात बांधून गेला. वासराएवढा, अंगभर दाट केसांचा. साहेबाला नाही कोण म्हणणार? बंगल्यावर त्या कुत्र्यासाठी पखालीनं पाणी यायचं. आमच्या घरी पाणी आणणारी मी एकटी.

थंडीत निभावलं. चैत्र लागला आणि गल्लीतली विहीर तळाला गेली. बायका आत उतरून वाटीनं पाणी भरायच्या. कुत्रा एका दमात अर्धी घागर संपवायचा आणि रिकामं घमेलं चाटत राहायचा. त्याची धाप थांबायची नाही. मी ओलं गोणपाट त्याच्या अंगावर टाकायची, ते बघता बघता वाळायचं.

एकदा विहिरीवर शेजारच्या अक्कांनी माझ्या घागरीवर हात ठेवला.

"आमना पोरेसले पानी नही शे. नि तू कुत्राले पाजस?"

त्यांच्या कडेवरचं पोर तापानं फणफणलं होतं. मी घागर त्यांच्या हंड्यात रिकामी केली.

मग डाळ धुतलेलं पाणी, माझ्या तांब्यातलं उरलेलं, असं काहीबाही कुत्र्याला मिळू लागलं. त्याचं नाक कोरडं पडलं, डोळे खोल गेले, मागचे पाय लटपटू लागले.

"अहो, त्याला तापीवर सोडू या," मी म्हटलं. "नावाड्याला सांगू. पाणी तरी मिळेल."

"गाडी बघतो," यजमान म्हणाले.

नदी दिसताच कुत्र्यानं गाडीतून उडी टाकली. पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो पीतच राहिला. मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

बाहेर येऊन तो वाळूत बसला. ओकाऱ्या काढू लागला, पण काही पडेना. पोट नगाऱ्यासारखं ताठलं. नावाड्यानं त्याला उठवून चालवलं, पोट चोळलं. दुपार कलायच्या आत तो गेला.

तहानलेल्या मोठ्या कुत्र्याला थोडं थोडं पाजायचं असतं, असं पुढे एका गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं. माझ्याजवळ होतं तेव्हा थोडंच होतं.

यजमानांनी हातांनीच वाळू उकरली. मी नदीतून घागर भरून गाडीत ठेवली. घरी जाऊन रांधायचं होतं.