माझ्या नावावरची बोट

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मला कळलं, की माझ्या मालकीची एक मच्छीमार बोट आहे. मी रत्नागिरीत शिंपीकाम करतो. मला बोट लागते. जेट्टीवर नुसता उभा राहिलो तरी पोटात ढवळतं!

ही बातमी दिली बँकेतल्या मॅडमनी. माझ्या मुलीला, सनाला, नर्सिंगला प्रवेश मिळालेला, फी भरायला जेमतेम दीड महिना उरलेला, आणि शैक्षणिक कर्जासाठी आम्ही दोघं टेबलापुढे बसलेलो. मॅडमनी माझा क्रेडिट रिपोर्ट समोर ठेवला.

"काका, स्कोअर बेताचाच आहे. त्यात एवढं बोटीचं कर्ज डोक्यावर. आणखी कर्ज कसं बसणार?"

"बोट? अहो, मी आयुष्यात सुईपेक्षा मोठं काही चालवलं नाही!"

"अब्बा, स्कूटर," सना कुजबुजली.

रिपोर्ट चार पानी होता. मी पहिल्या पानावरच भडकलो, त्यामुळे पुढची तीन वाचायची राहिली. बोटवाला कोण ते मला ठाऊक होतं. पूर्णगडचा माझा चुलतभाऊ! आजोबा वारले त्या वर्षी घरात नऊ दिवसांच्या अंतराने दोन नातू झाले आणि दोघांनाही आजोबांचंच नाव दिलं, इब्राहिम. (मागे कोण हटणार?) शाळेत हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून लावली, तीच आम्हालाही. तो थोरला, मी धाकटा, एवढाच काय तो फरक.

पण काय दिवस होते ते! मास्तर हजेरीत नाव एकदाच घेत. एकजण "हजर" म्हणाला की दुसरा खाडीवर मोकळा. ईदला मात्र चाचा ईदी देताना हात आखडत, "आत्ताच तर नेलीस!" एकाचा मार दुसऱ्याने खाल्ला, पण तक्रार कुणी केली नाही. आठवलं की अजून तोंडातून दुवा निघते.

त्या दिवशी मात्र त्याच तोंडातून शिव्या निघाल्या. मी तडक पूर्णगड गाठलं. थोरला घरासमोर जाळं दुरुस्त करत बसला होता.

"तुझ्या बोटीपायी माझ्या पोरीचं शिक्षण अडलंय!"

सगळं ऐकून त्याने शांतपणे गाठ मारली. "माझी बोट तुझ्या नावावर? मंग डिझेल पन तूच भर."

आणि हसत हसत उठून त्याने कर्जाचे कागद काढले, बोट आपलीच असल्याचं लिहून सहीसुद्धा दिली. त्याच्या बँकेने कर्ज नोंदवताना पॅन नंबर माझा टाकला होता. सनाने मोबाइलवरून रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली, कागद जोडले. महिनाभराने उत्तर आलं, की या दोन व्यक्ती वेगवेगळ्या असून बोटीची नोंद वगळण्यात आली आहे. आम्ही दोघं वेगळे आहोत असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी लेखी दिलं होतं. मला उगाचच वाईट वाटलं.

पेढे घेऊन बँकेत गेलो. मॅडमनी नवा रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, स्कोअर आणखी खाली गेलाय."

"असा कसा? बोट काढली ना?"

"बोटीचा एकही हप्ता चुकला नव्हता हो! तिच्याच जिवावर तर तुमचा स्कोअर उभा होता."

मग त्यांनी ती राहिलेली तीन पानं मला वाचून दाखवली. स्कूटर, उशीर. शिलाई मशीन, उशीर. फ्रीज, उशीर. (गिऱ्हाइकांचे ईदचे कपडेही मी ईद उलटल्यावर देतो, पण ते निदान रिपोर्टात येत नाही.) सना मान खाली घालून बसली होती. फी भरायला चार दिवस उरले होते.

"वेळेवर हप्ते भरणारा जामीनदार आहे का घरात कुणी?" मॅडमनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी थोरला इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत आला. "पोरगी काय तुझी एकट्याचीच हाय? कुठं सही करू ते सांग." माझे डोळे भरून आले. माफी मागायची होती, ते सोडून मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

मॅडम मात्र गोंधळल्या. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच, आणि समोर दोन टकलं. "यातले कर्जदार कोण आणि जामीनदार कोण?"

"ज्यांना घाम फुटलाय ते कर्जदार," सना म्हणाली.

मॅडमनी वर पाहिलं, आणि आणखी काही न विचारता अर्ज माझ्यापुढे सरकवला.