अक्काची लाल पेन्सिल आणि माझा ब्लॉग

क्युपर्टिनोच्या लायब्ररीत दर बुधवारी आम्ही तीन म्हातारे मराठी लिहायला जमतो. लेखन जेमतेम पानभर होतं, किस्से मात्र पोतंभर! आणि निम्म्या किश्श्यांत गाढव मीच असतो.

मी निवृत्त प्रोफेसर. आठ महिने ब्लॉग 'सुरू करतोय'. खरी भीती सांगलीच्या अक्काची. माझी थोरली बहीण, मराठीची शिक्षिका. मी अमेरिकेत आलो तेव्हा माझी पत्रं ती लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवायची! आता तिची नजर अधू होत चाललीय. दर रविवारी फोनवर एकच वाक्य, "दिसतंय तोवर टाक रे काहीतरी."

* * *

ब्लॉगला नाव हवं. मी एकवीस नावांची यादी केली, मग त्या यादीला गुण दिले.

बायको म्हणाली, "अहो, मुलीचं नाव बाराव्या दिवशी ठेवलंत. या ब्लॉगची आता मुंज करायची वेळ आली!"

* * *

पहिला लेख आईच्या कुळथाच्या पिठल्यावर, शीर्षक 'सुरवात पिठल्यापासून'. लेख दोन पानं, तळटीपा चौदा. सहावी तळटीप : 'हिंगाचं प्रमाण निश्चित सांगता येत नाही.'

आमच्या गटातले देशपांडे, पुण्याचे, सॉफ्टवेअरमधून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रोफेसर, पिठलं खायचंय, त्याचा थिसिस डिफेंड नाही करायचा!"

तळटीपा काढल्या. लेख एकदम आईसारखा बोलायला लागला. हे मी देशपांड्यांना अजून सांगितलेलं नाही.

* * *

देशपांडे स्वतः बिनधास्त. लिहितात, लगेच पोस्ट करतात. एकदा लिहायचं होतं, 'सौ.ने सलग दोन तास भजन केलं.' फोननं परस्पर 'भोजन' केलं!

मी घाबरून विचारलं, "मग काय झालं?"

"व्हायचंय काय? त्या पोस्टला सगळ्यात जास्त वाचक आले. मला मात्र तीन दिवस भोजन मिळालं नाही."

* * *

तिसऱ्या सभासद नलूताई, नागपूरच्या. जन्मभर पॅथॉलॉजी लॅब चालवलेल्या. माझा सतरावा खर्डा पाहून म्हणाल्या, "भाऊ, मी इतक्या उशिरा रिपोर्ट दिला असता ना, तर पेशंट बरा होऊन घरी गेला असता!"

देशपांडे पुटपुटले, "किंवा वर."

मला अक्काचे डोळे आठवले. मी लॅपटॉप उघडला.

* * *

शेवटचं एकदा वाचू म्हणून लेख पुन्हा तपासला. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार. शब्दकोश दोन. मग बोट बटणावर जाऊन थांबलं.

"दाबा!" देशपांडे.

"मुंगी चावल्यासारखं होईल भाऊ, बस," नलूताई. सुई टोचताना त्या हेच म्हणत असणार.

दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉगवर पहिली कॉमेंट आली. अक्काची. तिनं जन्मात कधी कॉमेंट लिहिली नव्हती.

"शीर्षकात 'सुरवात' नको, 'सुरुवात' हवं. पिठलं जमलंय. पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ."