गाडीखालचा हुंकार

दादा एका फौंड्रीच्या मशीनशॉपमध्ये टर्नर होता. नव्वदच्या दशकात त्यानं एक जुनी फियाट घेतली. आमचं घर गडमुडशिंगीच्या रस्त्याला. मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते, लग्न व्हायचं होतं, त्यामुळे दादा-वहिनींकडंच राहायची.

रविवार आला की दादा अंगणात गाडी घेऊन बसायचा. ट्रकवाल्या मित्रानं दिलेला बाटलीच्या आकाराचा एक जॅक त्याच्याकडं होता. मातीत फळकूट टाकून त्यावर तो ठेवायचा, गाडी उचलायचा, चाक काढायचा आणि खाली सरकायचा. वहिनीला ते बघवत नसे आणि आत बसवतही नसे. ती शेंगा नाहीतर तांदूळ निवडायला घेऊन जवळ बसायची आणि मधूनमधून काहीतरी विचारायची. खालून "हं" आलं की तिची बोटं पुन्हा चालू लागायची.

त्या दिवशी उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन लागू नये म्हणून दादानं गाडीच्या आमच्या बाजूला गोणपाट सोडलं होतं. त्याच्याखाली त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. आम्ही दोघी पाणी प्यायला आत जाऊन आलो आणि पुन्हा बसलो.

वहिनीनं विचारलं, चहा टाकू का. खालून "हं" आलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, माझ्या बहिणीकडं संध्याकाळी जायचं न्हवं? पुन्हा "हं". आवाज दादाचाच होता. निदान दादाचा नाही असं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "अवो, बाहेर या की आता. लई वेळ झाला."

खालून काहीतरी उत्तर आलं. आणि त्याच वेळी मला दिसलं, की गोणपाटाची कड मातीला टेकली आहे. मघाशी ती टेकत नव्हती.

गाडीचं नाक खाली येत होतं. धाडकन नाही. म्हैस बसताना निदान सुस्कारा टाकते, इथं तेवढाही आवाज नव्हता. आम्ही दोघींनी धावत जाऊन बंपर धरला, वर ओढला. वहिनी एकसारखी दादाला हाक मारत होती. आता खालून काहीच येत नव्हतं. चाक काढलेल्या बाजूचा ब्रेकचा लोखंडी ड्रम सावकाश मातीत रुतला आणि गाडी थांबली. खाली माणूस मावेल एवढी जागा उरली नव्हती.

तेवढ्यात फाटक वाजलं. दादा अनवाणी, तापल्या मातीवर पाय उचलत, हातात ब्रेक ऑईलचा डबा घेऊन येत होता. आम्ही आत गेलो तेव्हाच तो पलीकडच्या बाजूनं निघून शेजाऱ्यांकडं गेला होता. आमची तोंडं बघून तो आधी हसला. मग त्यानं गाडीकडं बघितलं आणि डबा खाली ठेवला.

गोणपाट उचलून त्यानं वाकून बघितलं. पाना होता, खाली बसलेला जॅक होता, त्यातून झिरपलेल्या तेलाचा ओला डाग होता. बाकी काही नव्हतं.

आवाजाचं आम्ही त्याला लगेच सांगितलं नाही. पुढं एकदा जेवताना वहिनीनं विषय काढला. दादा म्हणाला, उन्हानं भ्रम होतो, कुणाचा तरी रेडिओ असंल. "मी तितं नव्हतोच, मग बोलंल कोण?"

"तेच म्हणतेय मी," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, शेवटचं मला "थांब की" असं ऐकू आलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला "ये की खाली" असं ऐकू आलं होतं. दादानं हातातला घास ताटात ठेवला. त्यानंतर त्यानं रेडिओचं नाव काढलं नाही.

नवा जॅक घ्यायला वहिनी त्याच्याबरोबर उद्यमनगरातल्या दुकानात गेली, मलाही नेलं. दुकानदारानं चाकांचे ट्रॉली जॅक मांडले. दादानं छोटा चकचकीत होता तो बाजूला सारला. गाडीच्या वजनाच्या दुप्पट पेलणारा, लांब दांड्याचा, गाडीखाली सहज सरकेल एवढा बुटका असा एक निवडला, तेल कुठं पाझरतंय का ते बोटानं चाचपून बघितलं. वहिनीनं एकच विचारलं, हा आपोआप खाली येतो का?

दुकानदार म्हणाला, "कुठलाबी जॅक कवा ना कवा येतोय. जॅक उचलायला असतोय वैनी, धरून ठेवायला न्हाय. त्याला घोड्या घ्या." त्यानं तीन पायांचे दोन लोखंडी स्टँड पुढं केले.

दादानं अंगणात सिमेंटचा सपाट कोबा केला. मातीत जॅकची चाकं रुततात, आणि गाडी उचलताना ती थोडी पुढं सरकावी लागतात. आता तो हँडब्रेक ओढायचा, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचा, पत्र्याला नव्हे, गाडीखालच्या मजबूत पट्टीलाच जॅक टेकवायचा. मग घोड्या सरकवून गाडीचा भार त्यांच्यावर सोडायचा आणि कडेनं ढकलून बघायचा. काढलेलं चाकही आडवं करून गाडीखाली सारायचा. गोणपाट मात्र त्यानं पुन्हा कधी लावलं नाही.

वहिनी तरीही बसायचीच. फक्त तिचे प्रश्न बदलले. चहाचं विचारणं बंद झालं. ती विचारायची, आपल्या लग्नात पंगतीला काय कमी पडलंतं? खालून दादा म्हणायचा, जिलबी. मग ती शेंगा सोलायला घ्यायची. "हं" एवढंच उत्तर तिला चालत नसे. एकदा तिनं विचारलं आणि काहीच आलं नाही. दादाचे पाय समोर दिसत होते. मी वाकून बघायला निघाले तर तिनं माझा हात धरला.

"वाकू नकोस. आधी त्यांना बोलू दे."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं दादा झोपेतल्यासारखं म्हणाला, "काय विचारलंस?" तिनं पुन्हा विचारलं. बरोबर उत्तर आलं तेव्हा तिनं माझा हात सोडला.

माझं लग्न झाल्यावरही काही वर्षं ती गाडी होती. मग कुरुंदवाडच्या एका जोडप्यानं ती घेतली. त्या दिवशी मी माहेरी आले होते. दादानं जॅक आणि घोड्या गाडीबरोबरच दिल्या, कशा लावायच्या ते त्या माणसाला दोनदा करून दाखवलं. तोवर वहिनी त्याच्या बायकोला घेऊन तुळशीपाशी उभी होती. काय बोलली ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. निघताना नवऱ्यानं दार उघडून धरलं होतं. ती बाई लगेच बसली नाही. गाडीला वळसा घालून पलीकडं गेली, जमिनीकडं बघत थोडी थांबली, नवऱ्याला नावानं हाक मारली, आणि त्यानं ओ दिल्यावर मगच आत बसली.