नऊ कर्जांचा मेव्हणा

संभाजीनगरात ज्यानं कुणाला म्हणून उधार दिलं असेल, त्यानं एकदा तरी माझ्या मेव्हण्याला दिलेलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी त्याला मेव्हणाच म्हणतो. नातं काही बायकोबरोबर जळत नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण व्याज मला कळतं. हा बारावी शिकला आणि त्याला फक्त हप्ता कळतो. वस्तू केवढ्याची हे तो विचारतच नाही, 'महिन्याला किती?' एवढंच विचारतो. हडकोतल्या त्याच्या दोन खोल्यांत भिंतीएवढा टीव्ही आला, तो नीट दिसावा म्हणून घरचे अंगणात बसून बघतात. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं अशा गल्लीत त्यानं पाणी शुद्ध करायचं यंत्र घेतलं. मी म्हणालो, "अरे, पाणी कुठंय?" तर म्हणतो, "दाजी, पाणी सरकारनं द्यायचं. आपुन आपली तयारी ठेवायची."

पतसंस्थेचा हप्ता भिशीतून, भिशीचा मोबाईलवरच्या कर्जातून आणि मोबाईलवाल्याचा पुन्हा पतसंस्थेतून. पैसा त्याच्या खिशात राहायचा तो सिटी बसच्या प्रवासापुरता. वसुलीवाल्यांचा तर त्याला लळाच. एकदा एक दांडगा गडी दमदाटी करायला आला. ह्यानं त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले, त्याच्या बहिणीसाठी वेरूळचं एक स्थळ सुचवलं. निघताना तो गडीच म्हणाला, "चाचा, फिकर नको करो, इस महिने का मैं देख लेतूं."

गेल्या साली मात्र दारावर जप्तीची नोटीस चिकटली. तेव्हा हा पहिल्यांदा न हसता माझ्याकडं करमाडला आला. मी शिव्या घातल्या, जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी एका बँकेत नेलं. साहेब समजूतदार होता. म्हणाला, "तुमची सगळी कर्जं आम्ही फेडतो. तुम्हाला आमचं एकच कर्ज, एकच हप्ता. हप्ता निम्म्यावर येईल, पण वर्षं वाढतील, एकूण व्याजही जास्त जाईल. नवी उधारी बंद. आणि यादीत एकही देणं लपवायचं नाही."

"सायेब, निम्मा हप्ता वाचतोय, तर त्याच्यात फ्रीज बसंल का?"

मी टेबलाखालून लाथ घातली. तो खाली मान घालून यादी लिहायला लागला. नऊ कर्जं लिहिली. मग थांबला, माझ्याकडं न बघता दहावं लिहिलं : अक्काच्या पाटल्या, चार तोळे.

अक्का म्हणजे माझी बायको. ती गेल्यावर त्या पाटल्यांसाठी मी कपाट उलटंपालटं केलं होतं, सुनेला नको ते बोललो होतो. आणि त्या ह्यानं मोडून खाल्ल्या होत्या. तिनंच काढून दिल्या होत्या, मला कळू न देता.

साहेबानं विचारलं, "ह्याचा कागद आहे?"

"नाय. अक्का वारली."

"मग हे यादीत बसत नाही." साहेबानं त्या ओळीवर रेघ मारली. मेव्हण्यानं पेन खाली ठेवलं. "मंग सही नाय."

"गाढवा, घर जाईल!" मी ओरडलो.

"जाऊ द्या, दाजी. अक्काचं खोडून मी सही करनार नाय."

बँकेतली माणसं बघायला लागली. शेवटी मीच म्हणालो, "बाबा, तिचं देणं मला दे. महिन्याला पाचशे. कर सही." तेव्हा कुठं त्यानं सही केली. घर वाचलं.

आता दर महिन्याच्या सात तारखेला तो बसनं करमाडला येतो. पैसे मोबाईलवर पाठवत नाही. म्हणतो, अक्काचा हप्ता हातात द्यायचा. पेपरातला सोन्याचा भाव बघून पाचशेचं सोनं किती झालं ते वहीत लिहितो आणि कपाळावर हात मारतो, "दाजी, भाव लई वाढला. फिटता फिटंना बघा." मी त्याला अक्कलशून्य म्हणतो, चहा टाकतो. मग आम्ही दोघं दुपारभर तिच्याबद्दल बोलत बसतो. पोराला-सुनेला वेळ नसतो, आणि तिच्याबद्दल बोलायला दुसरं कुणी उरलेलंच नाही.

हल्ली सकाळी पेपर आला की मीही आधी सोन्याचा भाव बघतो. उतरला असला की चहा गोड लागत नाही.