खिडकीपुरती रेंज

माझ्या वायफायची रेंज किती लांब जाऊ द्यायची, हे मी ठरवते. धंदाच आहे तो माझा. आमच्या गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत घराघरात जे इंटरनेट आहे, ते मी ओढलेल्या वायरीतून. बाहेरच्या खोलीत ऑफिस, रस्त्याकडं एक खिडकी आणि खिडकीशेजारी भिंतीवर राउटर. तर त्या राउटरची ताकद मी मुद्दाम इतकी कमी करून ठेवली होती, की समोरच्या घराच्या फाटकापर्यंतही ती पोचू नये. खिडकीच्या गजाला नाक लावून बाहेर उभं राहिलं, तरच मोबाईलवर पलीकडचं माणूस नीट दिसायचं. हातभर मागं सरकलं की चित्र अडकलं. स्वतः रस्त्यावर उभी राहून, पुढं-मागं होत, मी ते जमवलं होतं.

हे सगळं समोरच्या काकांसाठी. त्यांच्यासाठी मी तीस वर्षं डाव धरून बसले होते.

मी विशीत होते तेव्हा आमच्या गल्लीत एकच फोन होता, काकांकडं. काका सरकारी कचेरीत मोठे कारकून. बाकीचे लोक फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे, यांचा साहेबाच्या चिठ्ठीवर लागला. मग सगळी गल्ली कुठल्याही अर्जावर त्यांचाच नंबर लिहायची आणि पुढं कंसात 'पीपी'. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलवून देतात. बाकीच्यांना काका आत बोलवायचे, फोनशेजारच्या खुर्चीवर बसवायचे. आम्ही बौद्ध. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, घर गल्लीच्या टोकाला. आमचा फोन आला की काका विणलेल्या रुमालासकट तो फोन उचलून खिडकीत आणून ठेवायचे आणि रिसीव्हर गजांमधून बाहेर द्यायचे. आम्ही रस्त्यावर उभं राहून बोलायचं. तोंडाजवळ रिसीव्हरला सुवासाची गोल चकती चिकटवलेली असायची. बोलून झालं की काकू ओला फडका घेऊन यायच्या आणि आमच्यादेखत तो पुसून घ्यायच्या. बरं, रागानं नव्हे हं, अगदी शांतपणे, ओटा पुसावा तसा.

आई म्हणायची, "गरजवंताला अक्कल नसती. बोल आन् ये घरला." मी बोलायची आणि यायची.

टायपिंग झालं होतं आणि टेलिफोन ऑपरेटरचा कोर्सही मी पहिल्या नंबरानं पास झाले होते. शिरोलीच्या एका फौंड्रीत बोर्डावर बसायला मुलगी पाहिजे होती. बोर्ड म्हणजे आलेला फोन आत ज्याचा त्याला जोडून द्यायचा. मी अर्ज केला, नंबरापुढं पीपी लिहिलं. तेव्हा घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, शाहूवाडीकडचं स्थळ आलं होतं. वडलांकडून मी शब्द घेतला होता. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. वडील शब्दाचे पक्के. लागली नाही, तर लग्न लावायलाही तितकेच पक्के.

मी त्या फोनची वाट बघितली. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून काकांच्या खिडकीवरून जायची. एक दिवस त्यांच्याकडं सत्यनारायण होता. दारात चपलांचा ढीग, शिऱ्याचा वास पार आमच्या घरापर्यंत. फोन वाजलेला मी रस्त्यावरून ऐकला. कुणीतरी उचलला. मला काही हाक आली नाही, म्हणून मी पुढं गेले.

आठ दिवसांनी राहवेना, तेव्हा सरळ शिरोलीला गेले. फौंड्रीच्या ऑफिसात बोर्डावर दुसरी मुलगी बसली होती. तिथले बाबू म्हणाले, "फोन केलता की तुमच्याकडं. दोनदा केलता. एक गृहस्थ म्हणाले, निरोप देतो. दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलंतं, तुम्ही आलाच न्हाईसा."

तिथून येऊन मी तडक काकांच्या खिडकीशी गेले. काका पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, "अगं हो, कालच आला होता फोन. सांगणारच होतो तुला."

कालच. आठ दिवस उलटले होते आणि हा माणूस माझ्या तोंडावर म्हणतो, कालच.

महिन्याभरात माझं लग्न झालं. शाहूवाडीच्या डोंगरात भाताची शेती. पावसाळाभर चिखलात रोप लावून पायाच्या बोटांच्या बेचक्या सडायच्या, त्याच पायांनी रात्रीच्या भाकऱ्या. नवरा हात उचलायचा. चार वर्षं काढली आणि एका सकाळी एसटीत बसून कोल्हापूरला आले ती कायमची. वडलांनी दार उघडून माझी पिशवी आत घेतली. त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांच्यावर राग काढवेना. सगळा राग काकांच्या खिडकीसाठी राखून ठेवला.

पुढचं सगळं या गल्लीनं बघितलंय. आधी एका एसटीडी बूथवर बसले. मग काकांच्या बरोबर समोरचं घर घेऊन तिथं स्वतःचा बूथ टाकला. बूथ ओस पडायला लागले तसे मोबाईलचे रिचार्ज विकले, मग टीव्हीच्या केबलचा धंदा, मग इंटरनेट. केसाएवढ्या काचेच्या दोन तारा मशीनमध्ये धरून जोडायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले. पहिल्या दिवशी शिकवणारा हसला होता, पंधरा दिवसांनी त्याचे नापास जोड मीच दुरुस्त करत होते. आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांचे खांब माझे. दुसरा कुणी इथं वायर टाकायला येत नाही.

काकांच्या फोनची तार मध्ये कधीतरी रस्ता खोदताना तुटली, ती कुणी जोडली नाही. काकू गेल्या. मुलगी लग्न होऊन कॅनडाला. काका एकटे त्या जाड भिंतींच्या घरात, आणि त्या भिंतींच्या आत मोबाईलला रेंज म्हणून नाही. मी कनेक्शन द्यायला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच ते माझ्याकडं आले. "मलाही एक दे गं. मुलगी दिसत तरी जाईल."

मी म्हटलं, "बॉक्स भरलाय, काका. एका बॉक्समधून आठच घरं निघतात. नवीन बॉक्स आला की तुमचा नंबर लावते."

बॉक्समध्ये तीन जागा रिकाम्या होत्या. त्यांच्या गच्चीवरून वरच्यावर वायर नेऊन मी पलीकडच्या घराला कनेक्शन दिलं. दोन वर्षं ते विचारत राहिले आणि दोन वर्षं मी म्हणत राहिले, नंबर लागला की कळवते. वर उपकार म्हणून सांगितलं, रविवारी माझ्या खिडकीशी या आणि माझ्या वायफायवर बोला.

दर रविवारी सकाळी नऊला काका स्वच्छ शर्ट घालून येत आणि माझ्या खिडकीशी रस्त्यावर उभे राहत. ऐंशीच्या घरातला माणूस, एका हातात काठी, एका हातात मोबाईल. मुलगी तिकडून ओरडायची, "बाबा, तुम्ही रस्त्यावर का उभे आहात? आत बसा ना." काका म्हणायचे, "इथंच बरी रेंज येते." मी आत खुर्चीवर बसून चहा प्यायची. आत या, असं एकदाही म्हटलं नाही. काय वाटायचं म्हणाल, तर बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? आठवडाभराचा शीण जायचा.

आई हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "लई झालं आता. म्हातारं माणूस हाय ते."

"मी काय त्यांना हाकललंय?" मी म्हटलं. "बोलू देतेय की."

"रिसीव्हर तेवढा पुसायचा ऱ्हायलाय तुझा," आई म्हणाली आणि आत गेली.

आई मावशीकडं जयसिंगपूरला गेली होती, त्या आठवड्यातली गोष्ट. वार बुधवार, दुपारचे साडेचार. कॅनडाहून माझ्या मोबाईलवर फोन आला, काकांच्या मुलीचा. काकांनीच तिला माझा नंबर दिला होता, अडीअडचणीला म्हणून. म्हणजे आता माझा नंबर पीपी.

"ताई, बाबांचा फोन लागत नाहीये," ती म्हणाली. आवाज कापत होता. "माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ निघालीय. त्यांना काळजी नको म्हणून सांगितलंच नव्हतं. पण आता वाटतंय, बोलावं त्यांच्याशी एकदा. अर्ध्या तासात मला आत नेतील. त्यांना बोलवाल?"

"बोलवते," मी म्हटलं. "थांबा, मी जाते आणि त्यांनाच फोन लावायला सांगते."

समोरचं फाटक माझ्या दारापासून पंधरा पावलांवर. मी उठले. चपलेत पाय घातला. आणि परत खुर्चीवर बसले.

गॅसवर चहा होता, तो गाळला. कपात ओतला. खिडकीतून काकांचं दार दिसत होतं, उघडंच होतं. मी घड्याळाकडं बघत चहा प्यायले. त्या पोरीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे मला कळत होतं. लहानपणी तीच एकदा आतून स्टूल आणून खिडकीतून मला देत होती, बसून बोल म्हणून, तर काकूंनी तिला आत ओढलं होतं. तेही आठवलं. तरी बसले. म्हाताऱ्याला कळू दे की, वाट बघणं काय असतं. कप विसळला, पालथा घातला. मग गेले. पंचवीस मिनिटं झाली होती.

काका आतल्या खोलीत आडवे होते. त्यांच्या घरात माझं पाऊल पडलं ते आयुष्यात पहिल्यांदा, आणि चपला काढायचंही सुचलं नाही. मी ऑपरेशनचं सांगितलं. ते उठले, पण चष्मा सापडेना, मग काठी सापडेना. त्यांचा दंड धरून मी रस्ता ओलांडला. खिडकीशी ते सवयीनं थांबले. मी म्हटलं, "आत चला," आणि त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

फोन जावयानं उचलला. "बाबा, आत्ताच नेलं तिला. पाच मिनिटं झाली. तुमची वाट बघत होती."

काकांनी मोबाईल मांडीवर ठेवला. मग मला विचारलं, "फोन कधी आला होता?"

"आत्ताच," मी म्हटलं. "आला तशी आले."

तोंडातून शब्द गेला तेव्हा तो मला काकांच्या त्या 'कालच'सारखा ऐकू आला.

ऑपरेशन तीन तासांचं होतं. काका हलायला तयार नव्हते. त्यांना पाणी दिलं, ते घटाघट प्यायले. भिंतीवरच्या राउटरच्या हिरव्या दिव्याकडं बघत बसले होते. सातच्या सुमाराला, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "तुझा एक फोन आला होता. नोकरीचा. तुझ्या लक्षात असेल."

मी वायर सोलत बसले होते, ती पक्कड हातातच राहिली.

"घरात सत्यनारायण होता. सासरवाडीचे लोक आलेले. तुला खिडकीशी बोलवायचं, तर पाहुणे काय म्हणतील, म्हणून म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा वेळ गेलेली होती. मग सांगायचं धैर्य झालं नाही. तू आलीस तर कालच आला म्हणालो. तुझं पुढं काय झालं ते बघत होतो मी." थोडं थांबून म्हणाले, "आणि तू बघ. आला तशी आलीस."

हेच ऐकायला मी तीस वर्षं थांबले होते. तो कबूल झाला की तोंडावर काय काय फेकायचं, ते सगळं माझं पाठ होतं. पण मी उठून त्यांचा पाण्याचा पेला पुन्हा भरला.

आठ वाजता जावयाचा फोन आला. गाठ निघाली, बरी आहे, शुद्धीवर येतेय. काका रडले. मी त्यांना घरी सोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून त्यांच्या घरात वायर ओढली. नवीन बॉक्स कुठून आला, ते त्यांनी विचारलं नाही. दया बिया काही नाही, उगाच मला देव करू नका. त्यांना त्या खिडकीशी उभं बघणं मलाच सोसणार नव्हतं, एवढंच.

आता काका घरात पलंगावर बसून मुलीशी बोलतात. पोरगी बरी आहे, चालती-फिरती झालीय. पण दिवसातून एकदा ते फाटकाशी येऊन उभे राहतात आणि येईल त्याला, भाजीवाल्यालासुद्धा, बोट करून मला दाखवतात. "ही पोरगी. फोन आल्याबरोबर हातातलं काम टाकून धावत आली बघा माझ्यासाठी."

परवा आईनंही ते ऐकलं. "खरंच गेलतीस व्हय लगीच?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.