काकूंचं गुलदान

काकूंना आमचं घर बंगल्यासारखं करायचं होतं. जिंतूरला नवे तहसीलदार आले होते आणि त्यांच्या बेगम आमच्याकडे भेटीला येणार होत्या. काकूंनी अंगणाच्या कडेनं विटा तिरप्या रोवून घेतल्या, एकीला गेरू, एकीला चुना. मधोमध हौद आणि कारंजं करायचं ठरलं. तिथे आईचा जाईचा मांडव होता.

वडील गेल्यापासून आईनं बैठकीत बसायचं नाही, असा काकूंचा नियम होता. ओसरीवर पुरुषांची ये-जा. मांडवाखाली मात्र तिला कुणी उठवत नसे. एवढ्या मोठ्या घरात तिची तेवढीच जागा.

मला वडिलांनी हैदराबादला मामांकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं होतं. ते गेल्यावर काकांनी परत आणलं. काकू मला मडमिणबाई म्हणत. मी उत्तर देत नसे. उत्तर दिलं की त्यांना चेव येई.

त्या सुमारास एका जहागीरदाराची विधवा गाव सोडून निघाली होती. जनान्यातलं जुनं सामान ती मागच्या दारानं फक्त बायकांना विकत होती. काकूंनी मला सोबत घेतलं. "चल. बंगल्यात काय ठेवतेत ते तुला ठावं."

तिथे काकूंची नजर एका काळ्या बिदरी भांड्यावर पडली. रुंद पसरट तोंड, बारीक कंबर, अंगभर चांदीची वेलबुट्टी. काकूंनी विचारलं, हे काय? दात पडलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीनं नाव सांगितलं.

"गुलदान," काकू म्हणाल्या. "फुलं ठेवायचं."

मी हळूच म्हटलं, "काकू, ती उगालदान म्हणाली. पान खाऊन थुंकायचं भांडं आहे. माझ्या मैत्रिणीच्या आजीच्या पलंगाशी असंच असायचं."

"थुंकायला चांदी?" काकू सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं हसल्या. "तुमच्या शाळेत थुंकायचंच शिकवतेत वाटतं. आमच्या घरी पिकदाणी न्हाई का? मला शिकवायलीस?"

भांडं घरी आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू ते दाखवत आणि म्हणत, "गुलदान हाय. आमच्या मडमिणबाईला मात्र त्यात थुंकायचं हाय." बायका हसत. मी परातीतले तांदूळ निवडत राही.

पडदे लावलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, बेगम आल्या. पुरुष मळ्यावर गेले होते. बैठकीत नवी चादर, लोड, आणि मधोमध ते भांडं, गुलाबांनी गच्च भरलेलं. बेगमनी अंगणाचं कौतुक केलं. काकूंनी विडा दिला. तो चघळता चघळता बेगमनी इकडेतिकडे पाहिलं, भांडं जवळ ओढलं, डाव्या हातानं गुलाबांचा झुबका उचलला, आत पिंक टाकली आणि गुलाब होते तसे परत ठेवले.

"आप लोगां बडे शौकीन हैं," त्या मनापासून म्हणाल्या. "उगालदान में बी फूलां रखते."

मी काकूंकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

दमणी वळणाआड जाताच काकू म्हणाल्या, "तूच पढवून ठेवलीस तिला."

"मी तर त्यांना आजच पाहिलं."

"उर्दूत बोललीस. मला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गड्याला कुऱ्हाड घेऊन बोलावलं. आई तेव्हा मांडवाखालीच बसली होती. "उठा जाऊबाई," काकू म्हणाल्या, "हौदाला उशीर व्हायलाय." आई उठली. मांडव पडेपर्यंत ती बाजूला उभी होती. मग तिनं एक हिरवी फांदी उचलली आणि माझ्या हातात दिली.

जेवताना काका म्हणाले, "ते थुंकायचं भांडं बैठकीतून काढा. लोक हसायलेत."

"गुलदान हाय ते," काकू ताडकन म्हणाल्या. "त्या बाईला रीत न्हाई. गुलदान हाय आन् तिथंच राहील."

एवढंच मला हवं होतं. मी ते भांडं चिंचेनं घासलं. त्यात माती भरून जाईची फांदी खोचली आणि बैठकीत होतं तिथेच नेऊन ठेवलं. काकू दारात उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"गुलदानात जाई लावली, काकू."

त्या भांडं उचलायला वाकल्या आणि तशाच मागे सरल्या. आता ते भांडं बाहेर फेकायचं, तर आधी त्याचं खरं नाव घ्यावं लागलं असतं.

फांदीला पाणी घालायचं काम आईचं. ती रोज तांब्या घेऊन बैठकीत येई, पाणी घाली आणि मग लोडाशेजारी बसून राही. पहिल्या दिवशी थोडा वेळ, नंतर दुपार होईपर्यंत. फांदीला एवढं पाणी लागत नाही, हे काकूंनाही कळत होतं. त्या समोरून येता-जाता पाय आपटत. बाहेर हौदाचा खड्डा तसाच कोरडा पडला होता.